बागेजवळचं भाड्याचं घर शोधताय? आधी एरिया, मग घर, आणि पैसे अगदी शेवटी

लहान मुलं असलेल्या माणसाला कसलं घर हवं असतं हे खोट्या जाहिराती टाकणाऱ्या भामट्यांना आपल्यापेक्षा नीट माहितीये. बागेसमोर, शाळा चालत अंतरावर, शांत गल्ली, भरपूर उजेड, आणि भाडं त्या एरियाच्या मानाने जरासं कमी. फार कमी नाही हां, फार कमी असलं की कोणालाही संशय येतो, जरासंच कमी, म्हणजे "चला, नशीब उघडलं" असं वाटावं इतपत. त्यामुळे चांगला एरिया शोधणं एक काम आणि फसवणूक टाळणं दुसरं काम, असं मी मानतच नाही. ज्याने एरिया पायी फिरून बघितलाय आणि तिथे टू बीएचकेला साधारण काय भाडं चालतं हे ज्याला तोंडपाठ झालंय, त्याला खोटी जाहिरात वाचतानाच खटकते. जो घरी सोफ्यावर बसून फोटोंवर फिदा झालाय, त्याच्यासाठी तर गळ टाकूनच ठेवलेला असतो.

तर बागेपासूनच सुरुवात करू.

"गार्डनपासून फक्त ५ मिनिटं" असं लिहिलेलं असतं, पण कोणाची ५ मिनिटं ते कोणी लिहीत नाही. ह्याला एक बरं माप आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप कार्यालयाने ढोबळ नियम सांगितलाय की घरापासून ३०० मीटरच्या आत निदान अर्धा ते एक हेक्टरची सार्वजनिक हिरवी जागा असावी. २०२१ मध्ये सेसिल कोनाइनेनडाइक ह्या अभ्यासकाने त्यात भर घालून ३-३०-३०० असा लक्षात राहील असा नियम मांडला: घरातून ३ मोठी झाडं दिसावीत, वस्तीचा ३० टक्के भाग झाडांच्या छायेखाली असावा आणि बाग ३०० मीटरवर असावी. हे सगळं खरं तर शहरं आखणाऱ्यांसाठी आहे, पण भाडेकरूने वापरलं म्हणून कोण अडवतंय. खिडकीत उभं राहून झाडं मोजायला तर काहीच लागत नाही.

फक्त हे ३०० मीटर ॲपमध्ये सरळ रेघ ओढून मोजू नका, चालायचा रस्ता टाका आणि तोही बागेच्या गेटपर्यंत. खूपदा बागेची भिंत बिल्डिंगला लागून असते पण गेट पार पलीकडच्या रस्त्याला असतं, मध्ये सिग्नल नसलेला चार पदरी रस्ता असतो, आणि मग एका हातात बाबागाडी, दुसऱ्या हातात बॉल आणि पुढे पळणारं चार वर्षांचं पोर असा सगळा लवाजमा रोज संध्याकाळी त्या रस्त्यावरून न्यायचा म्हटलं की दोन आठवड्यांत बाग बंद आणि पोरगं टीव्हीसमोर. रस्ता क्रॉस करायची जागा कुठे आहे ते स्वतः चालून बघा, शक्य असेल तर मुलाला सोबत घेऊन. त्याच्या चालीने जो वेळ लागेल तो खरा.

आणि नकाशावर हिरवं दिसलं म्हणजे बागच असते असं नाही. गोल्फ कोर्स, स्मशानभूमी, क्लबचं खाजगी मैदान, सगळं हिरवंच दिसतं. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे मोकळा प्लॉट. गवत वाढलंय, दोन झाडं आहेत, पोरं क्रिकेट खेळतायत, एजंट हात दाखवून म्हणतो "समोर कायम ओपनच राहणार". कशावरून? जागा कोणाची आहे आणि आराखड्यात तिथे काय दाखवलंय हे नगरपालिका किंवा जी काही स्थानिक संस्था असेल तिच्या नगररचना विभागात कळतं, बऱ्याच ठिकाणी विकास आराखडा ऑनलाइनही बघता येतो. भाड्याने वर्षभरच राहायचंय तर एवढं कशाला, असं वाटेल. पण मुलाची शाळा त्या एरियात घेतलीत की वर्षाची चार वर्षं कधी होतात कळत नाही, आणि खिडकीखाली पायलिंगचं मशीन दोन वर्षं धडधडत असेल तर ती चार वर्षं फार लांब वाटतात.

बागेत गेलात की नुसती चक्कर मारून परत येऊ नका, बाकावर बसा. संध्याकाळी मुलांच्या खेळायच्या वेळेला बाग रिकामी असेल, आणि आजूबाजूला तर सगळ्या फॅमिलीच राहतायत, तर काहीतरी पाणी मुरतंय. दिवे बंद असतील, टवाळखोर बसत असतील, कुत्र्यांचा त्रास असेल, किंवा गेटच भलत्या वेळी बंद होत असेल. खेळणी हाताने तपासा. घसरगुंडी पत्र्याची असेल तर भर उन्हात तिच्यावर तळवा ठेवून बघा, मग कळेल तिथे पोरं का नाहीत ते. झोक्याखाली आणि चढायच्या खेळण्याखाली काय आहे ते बघा: वाळू, लाकडाचा भुसा, रबर मॅट असेल तर ठीक, सिमेंट किंवा टणक झालेली माती असेल तर नाही, कारण खेळण्यावरून पडून होणाऱ्या दुखापतींमध्ये मूल कशावर पडलं ह्याला फार महत्त्व आहे. अजून एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. कठड्याच्या किंवा शिडीच्या दोन दांड्यांमधली फट साधारण ९ ते २३ सेंटिमीटरच्या मधली असेल तर ती धोक्याची धरतात, कारण लहान मुलाचं अंग त्यातून आरपार जातं आणि डोकं अडकतं. अमेरिकेच्या खेळणी-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत हेच माप दिलंय. जाताना खिशात छोटी टेप ठेवा, लोक बघतील, बघू देत.

आणि तिथे बसलेल्या आईबाबांशी, आजीआजोबांशी बोला. एरियाची खरी माहिती देणारी ह्याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. पाणी किती वेळ येतं, पार्किंगवरून भांडणं होतात का, ती कोपऱ्यावरची पिवळी बिल्डिंग कशी आहे, तिथले ओनर डिपॉझिट परत देताना खळखळ करतात का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही भाडं काय देता? थोडा भोचकपणा करायला लागतो, पण चार-पाच जणांशी बोललात की त्या एरियाचा खरा भाव कळतो, आणि हाच भाव पुढे तुम्हाला वाचवणार आहे.

आता बागेच्या अगदी समोरचं घर. त्याचे पैसे जास्त पडतात आणि हे आजचं नाही. इंग्लंडमधलं बर्कनहेड पार्क १८४७ मध्ये लोकांसाठी उघडलं, तेव्हा बागेभोवतीचे प्लॉट घरांसाठी विकून बागेचा खर्च काढायचा असाच हिशोब होता. अमेरिकेतले अभ्यासक जॉन क्रॉम्प्टन यांनी २००१ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले आणि शांत, झाडीच्या बागेला लागून असलेल्या घराची किंमत ढोबळमानाने २० टक्के जास्त धरायला हरकत नाही असं म्हटलं. ते विकत घ्यायच्या किमतीबद्दल आहे, भाड्याबद्दल नाही, पण ओनर काय हिशोब करतो ते समजलं. आणि बाग खेळाच्या मैदानासारखी गजबजलेली असेल, फ्लडलाइट, मॅचेस, लाउडस्पीकर, तर हा फायदा कमी होतो किंवा उलटाही पडतो. माझं मत विचाराल तर समोरची लाइन सोडा आणि एक-दोन गल्ल्या आत घर बघा. बाग तीच मिळते, पण सुट्टीच्या दिवशी गेटसमोर लागणाऱ्या गाड्या, पहाटेचे हास्यक्लब आणि रात्री बेडरूममध्ये येणारा दिव्याचा झोत हे दुसऱ्याच्या वाट्याला जातं.

एरिया वेगवेगळ्या वेळी बघा, हे सगळेच सांगतात आणि कोणीच करत नाही. निदान तीन वेळा तरी जा: शाळा भरायच्या वेळी, वीकेंडला रात्री, आणि एकदा जोराचा पाऊस पडून गेल्यावर. पाऊस पडल्यानंतरची चक्कर सगळ्यात कामाची, पाणी कुठे तुंबतं आणि पार्किंगमधल्या भिंतीवर ओल किती वर चढलीये ते कुठल्याच जाहिरातीत येत नाही. शाळेबद्दल एवढंच की "शाळा जवळ" म्हणजे ॲडमिशन नक्की असं नसतं, काही ठिकाणी पत्त्यावरून शाळा ठरते आणि त्या हद्दी बदलतात, म्हणून शाळेत फोन करून विचारा, एजंटला नको.

घराच्या आत नेहमीचं सगळं बघाच, नळाला प्रेशर, ओल, फोनची रेंज, पण मुलं असतील तर बाल्कनीच्या कठड्यावर जास्त वेळ घालवा. बऱ्याच देशांच्या बांधकाम नियमांत कठड्याच्या दोन गजांमधलं अंतर साधारण १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको असं असतं. आडवे गज असतील तर ती मुलांसाठी शिडीच झाली, तिथे जाळी लावायला ओनर परवानगी देणार का हे आधीच विचारा, नंतर "भिंतीला ड्रिल नको" ऐकायला लागतं.

बरं, आता फसवणूक. इथे जरा थांबून वाचा.

लोकांना वाटतं खोटी जाहिरात म्हणजे खोटं घर. तसं क्वचितच असतं. घर खरं असतं, पत्ता खरा, फोटो खरे, फक्त फोन नंबर भामट्याचा. विक्रीला असलेल्या एखाद्या फ्लॅटची जाहिरात उचलायची, फोटो तेच ठेवायचे, भाडं थोडं कमी टाकायचं आणि आपला नंबर लावायचा, झालं काम. त्यामुळे तुम्ही बिल्डिंगखाली जाऊन "हो, अशी बिल्डिंग आहे बुवा" म्हणून निश्चिंत झालात तर काहीच तपासलेलं नाही. घर तपासून भागत नाही, माणूस तपासायला लागतो.

पहिली पायरी, फोटो गूगल लेन्समध्ये टाकून शोधा आणि पत्ताही वेगळा सर्च करा. तेच घर दुसरीकडे दुसऱ्या नावाने, दुसऱ्या भाड्याने किंवा विक्रीला दिसलं तर विषय संपला. हुशार भामटे फोटो आरशासारखा उलटा करून टाकतात म्हणजे सर्चमध्ये सापडत नाही, म्हणून फ्रिजवरचं नाव, कॅलेंडर, घड्याळाचे आकडे उलटे दिसतायत का बघा, आणि शंका आली तर फोनमध्ये फोटो फ्लिप करून परत शोधा. खिडकीबाहेर काय दिसतंय तेही बघा. जाहिरातीत पहिला मजला लिहिलाय आणि फोटोत झाडांचे शेंडे खाली दिसतायत, किंवा बाग ज्या अंगाला आहे त्या अंगाला त्या बिल्डिंगला बाल्कन्याच नाहीत, हे ज्याने एरिया फिरून बघितलाय त्याच्या लगेच डोळ्यात येतं.

मग येतो तो ठरलेला मेसेज. भाषा बदलते, सांगाडा तोच: "मी कामानिमित्त सध्या बाहेर आहे, घर बंदच असतं, मला भाड्यापेक्षा घर सांभाळणारी चांगली फॅमिली हवी आहे, खूप जण विचारतायत पण तुम्ही मला जेन्युइन वाटलात, टोकन पाठवलंत की जाहिरात काढतो आणि चावी कुरिअर करतो." नीट वाचा. घर दाखवता न येण्याचं कारण, तुमची तारीफ, घाई, आणि पैसे, चारही एकाच मेसेजमध्ये. खऱ्या ओनरला तुमची चौकशी करायची असते, तो विचारतो कुठे काम करता, किती जण आहात, पाळीव प्राणी आहेत का. ज्याला तुमच्याबद्दल काहीच विचारायचं नाही आणि फक्त टोकनबद्दलच बोलायचंय, तो ओनर नाही. सोबत आयडी कार्डचा फोटो पाठवतात, गणवेशातला फोटो पाठवतात, सैन्यात किंवा सरकारी खात्यात असल्याचं सांगतात. त्यावर विश्वास ठेवायचं काहीच कारण नाही, दुसऱ्या कोणीतरी त्याला असाच पाठवलेला तो फोटो असतो.

तुम्ही दुसऱ्या शहरातून शिफ्ट होताय आणि जाणं शक्यच नाही, तर ओळखीतलं कोणीतरी पाठवा. तेही नसेल तर लाइव्ह व्हिडिओ कॉल, आणि त्यात कॉल कट न करता बिल्डिंगच्या गेटपासून दारापर्यंत, कुलूप उघडून आत, मग किचनचा नळ सोडून दाखवा, बाल्कनीत जाऊन बागेचं गेट दाखवा, असं तुमच्या सांगण्यावरून करायला लावा. आधीच रेकॉर्ड केलेला व्हिडिओ कोणीही फिरवून दाखवेल, तुम्ही सांगितल्यावर नळ सोडायला घरात माणूस असावा लागतो. एवढं करूनही पैसे पाठवायची वेळ आलेली नाही बरं का.

कारण पुढचा प्रकार जास्त बेरकी आहे. भामटा एखादं घर दोन-तीन दिवसांसाठी सुट्टीच्या भाड्याने घेतो, चावी त्याच्याकडे खरी असते, आणि त्या दिवसांत ओळीने माणसं बोलवून प्रत्येकाकडून डिपॉझिट घेऊन पसार होतो. महिन्याच्या एक तारखेला पाच फॅमिली सामानाचे टेम्पो घेऊन एकाच दारात उभ्या. किंवा आधीचा भाडेकरूच ओनर बनून घर पुढे देतो. म्हणून चावी आहे म्हणजे मालक आहे असं समजू नका. त्या माणसाचं ओळखपत्रावरचं नाव, मालकीच्या कागदावरचं किंवा प्रॉपर्टी टॅक्सच्या पावतीवरचं नाव, आणि पैसे ज्या बँक अकाउंटला मागतोय त्यावरचं नाव, ही तिन्ही एकच पाहिजेत. मालकीची नोंद बऱ्याच ठिकाणी सरकारी नोंदणी कार्यालयात किंवा त्यांच्या साइटवर बघता येते, त्याने दिलेल्या झेरॉक्सवर अवलंबून राहू नका. "अकाउंट भावाचं आहे", "बायकोच्या नावावर टाका" असं आलं की मालकाचं लेखी पत्र मागा आणि मालकाशी थेट बोला. शेजाऱ्याची बेल वाजवून "हे घर कोणाचं हो?" विचारायला एक मिनिट लागतं. खऱ्या ओनरला ह्यातल्या कशाचाही राग येत नाही, उलट भाडेकरू जबाबदार आहे असंच वाटतं.

एजंट असेल तर त्याचं लायसन्स किंवा रजिस्ट्रेशन जिथे लागतं तिथे नंबर मागून सरकारी यादीत तपासा. घर दाखवण्याआधी "व्हिजिट फी", "गेट पासचे पैसे, नंतर ॲडजस्ट होतील" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या, वाद घालायची पण गरज नाही.

पैशांचे दोन-तीन नियम पक्के ठेवा. घर आतून बघून, कागद तपासून, ॲग्रीमेंट वाचून सही होईपर्यंत मोठी रक्कम नाही. टोकन द्यायचंच असेल तर छोटं, बँकेतून, आणि ते कशासाठी दिलं आणि व्यवहार फिसकटला तर परत मिळणार का हे लिहून घेऊनच. गिफ्ट कार्ड, क्रिप्टो, मनी ट्रान्सफरच्या काउंटरवरून रोख, ह्यातलं काही मागितलं तर फसवणूकच, कारण ह्या वाटेने गेलेला पैसा परत आणणं जवळपास अशक्य असतं आणि म्हणूनच ते तीच वाट मागतात. आणि तुम्हाला पैसे "मिळण्यासाठी" कधीही पिन, ओटीपी द्यावा लागत नाही की क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. हे तुम्ही स्वतःचं घर भाड्याने देत असाल तर जास्तच लक्षात ठेवा, कारण तिथे भामटा भाडेकरू बनून येतो, घर न बघताच ॲडव्हान्स द्यायला तयार होतो, आणि मग "हा कोड स्कॅन करा, पैसे जमा होतील" म्हणतो.

आयडीच्या कॉपी मागताच पाठवू नका. घर नक्की झाल्यावर द्या, आणि त्यावर आडवं लिहा: फक्त अमुक पत्त्यावरच्या भाडेकरारासाठी, तारीख. जिथे चालतं तिथे नंबरचे काही आकडे झाका. नाहीतर घर हातातून गेलंच, पण तुमच्या नावावर कुठेतरी सिमकार्ड किंवा लोन निघालेलं कळायला सहा महिने लागतात.

डिपॉझिट किती, ह्याचे नियम जागोजागी वेगळे. जर्मनीत जास्तीत जास्त ३ महिन्यांचं मूळ भाडं, तेही तीन हप्त्यांत द्यायचा हक्क आहे. इंग्लंडमध्ये सहसा ५ आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे आणि ओनरला ते मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवायला लागतं. भारताच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी २ महिने म्हटलंय, पण तो ज्या राज्याने स्वीकारला तिथेच लागू. तुम्ही जिथे राहता तिथला नियम बोलणी करायच्या आधी वाचून जा, ओनरसमोर बसल्यावर नाही. ॲग्रीमेंटमध्ये डिपॉझिट किती दिवसांत परत आणि कशाकशाचे पैसे कापणार, मेंटेनन्स कोण भरणार, नोटीस किती, एवढं तरी स्पष्ट हवंच, बाकीचं पण वाचा अर्थातच.

चावी मिळाली की सामान आत टाकायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, प्रत्येक भिंत, प्रत्येक नळ, फुटलेली टाइल, मीटरचं रीडिंग, आणि त्याच दिवशी ओनरला पाठवा म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. कुलूप बदलायची परवानगी घ्या, आधीच्या चाव्या कोणाकोणाकडे आहेत कोणाला माहीत.

आणि एवढं करूनही कोणी तोंडाला पानं पुसलीच तर लाजून घरात बसू नका, पहिला फोन बँकेला, तोही लगेच, कारण पैसे पुढच्या अकाउंटला सरकायच्या आत अडवले गेले तरच काही हाती लागतं. चॅट डिलीट करू नका, त्याला शिव्या घालून ब्लॉक करायच्या आधी नंबर, जाहिरात, पेमेंट सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, मग पोलिसांकडे किंवा सायबर फसवणुकीची जी सरकारी हेल्पलाइन असेल तिथे तक्रार, आणि जाहिरात ज्या साइटवर होती तिथे रिपोर्ट. त्यानंतर थोड्या दिवसांत एखादा फोन येऊ शकतो, फार सभ्य आवाजात, की तुमची केस आमच्याकडे आलीये, पैसे ट्रेस झालेत, फक्त प्रोसेसिंग फी भरा. तो बहुतेक त्याच टोळीतला असतो, किंवा तुमचा नंबर त्यांच्याकडून विकत घेतलेला. त्याला काही द्यायचं नाही, तोही नंबर त्याच तक्रारीत जोडायचा.